सोनगीर सोडलं

धुळे
सोमवार, ४ फेब्रुवारी १९९१

हात निसटला आणि उजी स्टुलावरून सरकून टेबलाखाली गेली. धनसिंगच्या हातात सुई तशीच वर राहिली. "साहेब, कोपर धरा म्हटलं होतं ना," तो म्हणाला. तिला बाहेर ओढायला त्याने खाली हात घातला, तर ती त्याच्या मनगटाला चावली. दात उमटले. बाकावर चार माणसं आपापल्या बाटल्या मांडीवर घेऊन बसली होती, ती हसली.

कुंदा, तुला कळवायचं ते एवढंच की रक्त मिळालं नाही. एकदा टोचलं, पण शीर सरकली. दुसऱ्यांदा टोचण्याआधी हे झालं. धनसिंग रोज पन्नास जणांचं रक्त काढतो, त्याची चूक नाही. तो चांगलं बोलत होता. "चल बेटा, पटकन घेतो आणि तुला मोकळी करतो." तेवढं ऐकूनच तिने हात आखडला. मी तिला जिन्यातच सांगून ठेवलं होतं, मुंगी चावते तेवढंच. सगळे असंच सांगतात.

नंतर मी पाणी आणायला खाली गेलो. परत आलो तोवर सुमनबाईने तिला टेबलाखालून काढलं होतं. सुमनबाई तिथे काचेच्या नळ्या धुते. उजी तिच्या मांडीवर होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, रक्त बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जायचं. ताप आज नाही. बोटांची सूज तू तिला इकडे पाठवलंस तेव्हा होती तेवढीच आहे. पापणी खाली ओढली की आतून पांढरी दिसते.

मी ड्युटीवर असतो तेव्हा ती स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये माझ्या शेजारी बसते. माइकला हात लावत नाही. साहेबांनी एकदा बघितलं, पुढे गेले.

पत्र रावेरच्या गाडीवर कौतिककडे देतो आहे. तुमच्या फाट्यावर तो गाडी उभी करेल आणि चहाच्या टपरीवर ठेवेल. उलट काही लिहायचं असलं तर तिथेच ठेव. तो म्हणाला, "अभिमन, हे धंदे लग्नाआधी करायचे असतात. पोरगी पाच वर्षांची झाल्यावर नाही." मी हसलो. तू सात महिने धुळ्याला आलेली नाहीस, हे त्याला माहीत नाही. बायको माहेरी आहे, एवढंच माहीत आहे.

काळजी करू नकोस. बाकी सगळं ठीक आहे.

अभिमन

धुळे
बुधवार, ६ फेब्रुवारी

बाकी सगळं ठीक नाही. सोमवारपासून तिने स्वेटर काढलेला नाही. तोच निळा, लांब बाह्यांचा. दुपारी इथे ऊन चांगलंच असतं. मान घामाने भिजते, केस चिकटतात. अंघोळीला काढ म्हटलं तर दोन्ही बाह्या मुठीत धरून भिंतीला टेकून उभी राहिली. मी ओरडलो. शेवटी स्वेटरसकट पाय धुतले.

रात्रीचं जेवण बरं जातं. भाकरी खाते. केळं आणलं होतं, ते घेतलं नाही. केळीच्या मळ्यातून आलेली पोर केळं नको म्हणते, म्हणून मी तिला चिडवलं. तिने ते केळं माझ्या ताटात ठेवलं आणि बाजूला सरकली.

आज केबिनच्या खिडकीशी एक बाई आली. शिरपूरची गाडी कुठपर्यंत आली? मी सांगितलं, सोनगीर सोडलं. उजीने मान वर केली.

"पप्पा, तुमाले येथून सोनगीर दिसते?"

बाईने ऐकलं. "म्हंजे गाडी सोनगीरले नही का?"

"येतेय, बसा," मी म्हणालो आणि नोंदवही उघडली.

"मंग ही पोर काय म्हनस?"

मी खिडकी लावून घेतली. फोन सकाळपासून बंद होता. गाडी सोनगीरला होती की नरडाण्याला की शिरपूरच्या फलाटावरच, मला काही माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी हेच सांगतो. सोनगीर म्हटलं की माणूस मनाशी अर्धा तास धरतो, पिशवी खाली ठेवतो आणि बसतो. खिडकीशी भांडण होत नाही. तू हा शब्द घरात आणलास. गॅसचा नंबर आला म्हटलं की विचारायचीस, "आला, की सोनगीर सोडलं?" आणि खरंच सिलिंडर दारात दिसलं की म्हणायचीस, "लागली गाडी." मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं. उजी ऐकत होती हे माझ्या लक्षात आलं नाही.

सोमवारचं पुन्हा लिहितो. हात निसटला नाही. मी सोडला. धनसिंगने सुई लावली आणि मी बोटं उघडली. पाणी आणायलाही गेलो नव्हतो. पाण्याचा माठ जिन्यातच आहे. मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पानटपरीच्या मागे उभा राहिलो. तिचा आवाज खाली येत होता. तो थांबेपर्यंत तिथेच होतो.

का सोडला ते लिहायचं आहे. अमळनेरची गाडी लागली, जाऊन येतो.

गेली. आता चोपड्याची येईल. मध्ये दहा मिनिटं आहेत, पण लिहिवत नाही. दुसरं लिहितो. धनसिंग म्हणाला आहे, येत्या सोमवारी चादरीत गुंडाळू, चौघं धरू, रोज करतो आम्ही. एका मिनिटात मोकळी. मी ठीक आहे म्हणालो. पण घरी आल्यापासून ती चादर डोळ्यासमोरून जात नाही. केबिनमधून फलाटावर जातो, परत येतो, पुन्हा जातो. शिपायाने विचारलं, साहेब, काही हरवलं का?

तिच्या सगळ्या लसी तू टोचून आणल्यास. मी एकदाही बरोबर नव्हतो. कसं करायचीस? तेवढं लिही. माझ्याबद्दल काही लिहू नकोस.

अ.

धुळे
शुक्रवार, ८ फेब्रुवारी

वहीचं अर्धं पान काल मिळालं. "तिला काही सांगू नका. विचारा." एवढंच. सही नाही. कौतिक म्हणाला, "दोन वाक्यांसाठी फाट्यावर पाच मिनिटं गाडी उभी ठेवली मी. सावद्याचे पॅसेंजर आईबहिणीवर आले. जरा लांब लिहायला सांग वहिनींना." म्हणजे त्याने वाचलं.

मी काल विचारलं. तुला काय वाटलं, लगेच जमेल? मी म्हणालो, "तू सुईला घाबरतेस का?" ती म्हणाली, नाही. "मग कशाला घाबरतेस?" माहीत नाही. "धनसिंगकाकाला?" नाही. "दुखतं म्हणून?" नाही. असं मी आठ-दहा वेळा विचारलं. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, तुमी चौकशी काहून करून राह्यले?"

तुला हसू येईल. मलाही आलं. माझ्या खिडकीवर पाटीच ती आहे.

मग तिने मला विचारलं. "बाळाचं रगत घेतलं होतं?"

मी म्हणालो, आठवत नाही.

तिने बाह्या खाली ओढल्या, बोटांच्या टोकांपर्यंत. मी उठून सायकलची हवा बघायला गेलो. हवा भरलेली होती.

तीन दिवस राहिले. डॉक्टर भेटले होते रस्त्यात. म्हणाले, टाळू नका, मला तिचा रंग आवडत नाही.

अ.

धुळे
रविवार, १० फेब्रुवारी

तिला दुखण्याची भीती वाटत नव्हती. आम्ही सगळेच चुकलो होतो, मी जास्त.

आज सुट्टी होती. तिला घेऊन हायवेवर गेलो. मुद्दाम काही नाही, घरात बसवत नव्हतं. केळीच्या घडांनी भरलेला एक ट्रक टायर बदलायला थांबला होता. तुमच्याकडचाच असेल. ती ट्रकपाशी उभी राहिली. मी काही सांगितलं नाही आणि काही विचारलंही नाही. मग तीच बोलली.

"ह्याची झाडं आडवी केली?"

तुझं पान माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, "केली असतील. घड उतरवला की खोड तोडतात."

"आबांच्या मळ्यात तोडलं. वना गडी म्हने, माल घेतला, आता मोकळं करा. मंग कोयता मारला. लई पानी निंघालं त्याच्यातून."

"हो. केळीच्या खोडात पाणी असतं."

"तो काका म्हने, घेतो अन् मोकळी करतो."

ट्रकचा क्लीनर टायर ढकलत आमच्या मधून गेला. ती थांबली, तो जाईपर्यंत. मग म्हणाली, "बाळाचं पन रगत घेतलं. अन् मामी म्हने, मोकळा झाला बिचारा."

कुंदा, तुझ्या वहिनीने कधी म्हटलं असेल? तेराव्याला? बायका बसल्या होत्या तेव्हा? आपण तिला तेव्हा शेजारच्या खोलीत झोपवलं होतं. झोपली आहे असं मीच सांगितलं होतं सगळ्यांना.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. ती माझ्यासमोर उभी होती. तिने शेवटी जे विचारलं ते जसंच्या तसं लिहितो. "झाडाले पील असतं, खाली फुटलेलं. खोड तोडलं तरी ते राहते. मले कोठी आहे पील?"

  "तुला तोडणार नाहीत" असं ओठापर्यंत आलं. पण ते माझ्या तोंडून आलं असतं. तिने सोनगीर म्हटलं असतं.

तिला तसाच सुमनबाईकडे घेऊन गेलो. रविवारी धनसिंगचं बंद असतं, पण बाई नळ्या धुवायला येते. मी दाराशी उभा राहिलो. उजीने सगळं तिला सांगितलं, मळा, वना, कोयता, बाळ. बाईने हात पुसले. हसली नाही, बिचारी म्हणाली नाही. एक काचेची नळी घेतली, तिच्यात करंगळीच्या पेराएवढं पाणी ओतलं.

"हाई देख. इतलंसं. बठ्ठं रगत कोनी लेत नही वं माय."

"बाकीचं राहते?"

"राहस ना. आनि तू जेवस का नही? मंग परत व्हस."

"दुखते?"

"दुखस. खोटं कसाले सांगू? माले भी दुखस."

"अन् मोकळी म्हंजे?"

"मोकळी म्हंजे घर जावानं. दुसरं काय?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भेळ खावानी. बाप लई देस भेळ, नही का?"

उजी हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा. बाईने तिच्या हातात बिनसुईची काचेची सिरिंज दिली. तिने पाणी ओढलं, सोडलं, ओढलं, सोडलं. बाईच्या लुगड्यावर, भिंतीवर, माझ्यावर. बाई म्हणाली, भितडं धुवायनं बरं व्हयनं.

निघताना उजी जिन्यात थांबली. "आधी तुमचं घ्यायचं. मी बघीन."

मी हो म्हणालो.

"सोनगीर?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "उद्या कळेल."

आता ते लिहितो. परवा, काल, रोज लिहायला बसलो आणि गाड्या आल्या. आज गाड्या नाहीत.

सिव्हिलमध्ये बाळाचं रक्त घेतलं तेव्हा त्याचा पाय मी धरला होता. टाचेतून घेतलं. सिस्टर म्हणाली, घट्ट धरा, म्हणून घट्ट धरला. चार महिन्यांचा पाय, माझ्या अंगठ्यात आणि बोटात मावला. तो रडला, मग माझ्याकडे बघत राहिला. एका तासाने, सव्वाबाराला, डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. मी व्हरांड्यात आलो. तू जमिनीवर बसली होतीस, उजी मांडीवर होती. तू विचारलंस. मी म्हणालो, "झोपलाय. रक्त घेतलंय, आता बरं वाटेल."

मी चहा आणायला गेलो. दोन तास गेलो. तुझी छाती भरून आली होती, चोळी ओली झाली होती, आणि तो कधी उठतो, त्याला कधी पाजते, याची वाट बघत तू बसली होतीस. फरशी झाडणाऱ्या बाईने तुला सांगितलं. तू धुळ्याचा स्टँड पुन्हा बघणार नाही म्हणालीस, ते बाळ गेलं म्हणून नाही, त्या दोन तासांसाठी. एवढं मला कळतं. मी सात महिने ते कळत नसल्यासारखा वागलो.

त्यानंतर मला हात धरता येत नाही. दुसरं कारण नाही.

अभिमन

धुळे
सोमवार, ११ फेब्रुवारी

झालं.

सकाळी नऊ वाजता गेलो. धनसिंग चादर काढून बसला होता. मी म्हणालो, चादर नको, आधी माझं घ्या. "साहेब, कागदावर पोरीचं नाव आहे. तुमचं घ्यायचं की तिचं?" दोघांचं, मी म्हणालो. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "घ्या घ्या, एस.टी.वाल्याचं घ्या. आमचं रोजच घेतो तो."

मी स्टुलावर बसलो. उजी समोर, सुमनबाईचा पदर धरून. धनसिंगने रबर बांधलं. दुसरीकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण ती माझ्याकडे बघत होती. सुई गेली. माझा घाम सुटला, खोली एकदा बाजूला झाली आणि परत आली. मी "आई गं" म्हणालो. मोठ्याने. मग तेच खरं होतं म्हणून तिला म्हणालो, "दुखतं."

"किती?"

"मुंगीपेक्षा जास्त."

बाकावरचा म्हातारा पुन्हा काहीतरी म्हणाला. सुमनबाईने त्याला गप्प केलं. नळीत रक्त आलं. उजी जवळ आली, नळीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मी उठून उभा राहिलो. तिने माझ्या पोटाला हात लावून थोडं ढकललं. मी पडलो नाही.

मग तिने स्वेटर काढला. डोक्यातून निघेना, तर सुमनबाईने ओढला. आतले हात काडीसारखे झाले आहेत, कुंदा. तू बघितले असतील. मी बघितले नव्हते.

मी स्टुलावर बसलो, ती माझ्या मांडीवर. एक हात तिच्या पोटावर, एक कोपराखाली. धनसिंग काही बोलायला लागला, "आता पटकन..." आणि मी म्हणालो, काही बोलू नका. तो रागावला असेल. त्याने सुई उचलली.

ती म्हणाली, "लागली?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"लागली," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"माहीत नाही. मी मोजतो. तू ओरड."

सुई गेली तेव्हा ती ओरडली. माझ्या कानापाशी. पाय झाडले, धनसिंगच्या गुडघ्याला लागले. हात हलवला नाही. तो मी धरला होता, पण शेवटी शेवटी मी नुसता खाली हात ठेवला होता. तिने तो स्वतःच ठेवला होता. मी एकोणीसपर्यंत मोजलं. शीर पहिल्याच वेळी सापडली. नळी भरली, करंगळीच्या दोन पेरांएवढी. बाईने सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. उजीने ते लगेच दाखवलं. "एवढंसं म्हनत होत्या तुमी." सुमनबाई म्हणाली, "चुकनं माय. डोळाले कमी दिसस मना."

धनसिंगने कापसावर चिकटपट्टी लावली. तिने मलाही एक लावायला लावली. मग तिने त्याच्या मनगटाकडे बघितलं आणि विचारलं, "काका, गेले का दात?" त्याने बाही वर करून दाखवलं. गेले होते. तो म्हणाला, "आता जा. मो..." आणि थांबला. "घरी जा," म्हणाला.

भेळ खाल्ली. तिने मिरची काढून माझ्याकडे दिली.

घरी आल्यावर झोपली, चार तास. मी उशाशी बसलो होतो. दर थोड्या वेळाने श्वास बघत होतो. हे तुला लिहिण्यासारखं नाही, पण लिहितो.

अ.

धुळे
बुधवार, १३ फेब्रुवारी

रिपोर्ट घेतला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्याच क्रमाने लिहितो.

रक्त फार कमी आहे. साडेअकरा तरी हवं होतं, सहा पॉइंट चार आहे. हे न खाण्यामुळे झालेलं नाही, असं ते म्हणाले. तू काही कमी केलं नाहीस. रक्तातल्या पेशींचा आकार जसा असायला हवा तसा सगळीकडे नाही. तो आकार आईबापांकडून येऊ शकतो. आईबाप धडधाकट असतात, त्यांना कधी कळतही नाही. पक्कं सांगायला आणखी एक तपासणी लागते. ती जळगावला होते. तिघांचं रक्त एकाच वेळी बघायचं, तिचं, माझं, तुझं.

मी विचारलं, बरी होईल का? ते म्हणाले, ठरलं तर सांभाळावं लागेल, नेहमीच. ताप आला की थांबायचं नाही, पाणी भरपूर, थंडीत जपायचं. कधी कधी रक्त द्यावं लागेल. शाळेत जाईल. मी विचारलं, म्हणजे बरी होणार नाही? ते म्हणाले, तसं म्हणा.

बाळालाही हेच होतं का, तेही विचारलं. आता सांगता येणार नाही, म्हणाले. तेव्हा घेतलेलं रक्त कशासाठी घेतलं होतं, त्याचा कागद मी कधी मागितला नव्हता. तो मिळतो का बघायला सिव्हिलमध्ये जाणार आहे.

परत येताना उजीने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, तुझं रक्त कमी आहे, ते का कमी आहे ते शोधायला अजून एकदा घ्यावं लागेल. जळगावला.  ती म्हणाली, "मम्मीचं पन?" मम्मीचं पण. "तिले कोन सांगीन, दुखते म्हनून?"

म्हणून लिहितो आहे. पुढच्या बुधवारी, वीस तारखेला, सकाळी दहा वाजता. धुळ्याचा स्टँड तुला बघावा लागणार नाही. जळगाव तुलाही अर्ध्या वाटेवर आहे, आम्हालाही. आम्ही सहाच्या गाडीने निघू. तुझी शीर सापडायला वेळ लागतो, बाळंतपणात दोनदा टोचलं होतं, हे मला तू सांगितलेलं आहे. दुखेल. मुंगीपेक्षा जास्त. उजी म्हणते ती तुझा हात धरेल. मी स्टुलाशेजारी असेन. हे सोनगीर आहे की नाही ते तिथे येऊन बघ. आली नाहीस तर नुसतं नाही म्हणून कळव, मी तिला तसंच सांगेन. येते आहे, वाटेत आहे, असं सांगणार नाही.

काळजी करू नकोस असं या वेळी लिहीत नाही.

अभिमन

गुरुवार, १४ फेब्रुवारी, सकाळ

कौतिकची गाडी साडेनऊला आहे, म्हणून पत्र अजून माझ्याकडेच आहे. उजीला रात्री थोडा ताप होता, सकाळी उतरला. स्वेटर खिळ्याला अडकवून ठेवला आहे. ती केबिनमध्ये माझ्या शेजारी आहे. फोन बंद आहे. एका म्हातारीने खिडकीशी येऊन विचारलं, शिरपूरची गाडी कुठपर्यंत आली. मला माहीत नाही, मी म्हणालो. ती म्हणाली, "मंग बसस मी आठेच." बसली. गाडी नऊ वाजून दहा मिनिटांनी लागली.